चहातली गोळी

आनंदात असलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं, ते काय सांगून? कुठे दुखतंय असं तो म्हणत नाही. उलट आता कुठे माझी गाडी रुळावर आली असं म्हणतो, आणि तोंडाकडे पाहिलं तर ते खरंच वाटतं. माझा पुतण्या मंदार सध्या असा आहे. त्याच्यावरून शैलाताईचं आणि माझं जे वाजलं ते इथे लिहितो. शैलाताई माझी आतेबहीण, माझ्याहून मोठी. तिला स्वतःला दोनदा उन्माद होऊन गेलाय. लिथियम कित्येक वर्षं चालू आहे. तेव्हा या वादात ती घरातली आणि मी ओट्यावरचा. पण ओट्यावरून जे दिसतं ते घरातल्याला दिसत नाही, हा माझा हेका.

"तुमच्या लक्षात कधी आलं?" तिने विचारलं.

"गणपतीत नाही आलं. गणपतीत कुणाच्याच आलं नसतं. वर्गणी, देखावा, ढोल पथक, रात्रीची जागरणं, सगळं त्याच्या अंगावर. दोन वर्षं तोंड लपवून घरात बसलेला पोरगा कामाला लागला म्हणून अख्खी गल्ली कौतुक करत होती. तासिका तत्त्वावर शिकवतो, पैसे वेळेवर नाहीत, त्यात खचला होता. ते गेलं म्हणून आम्हीही खूश. विसर्जन झालं, बाकीचे कार्यकर्ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेल्यासारखे झोपले. हा पहाटे आंघोळ करून जमीन बघायला गेला. तेव्हापासून तसंच. दोन-तीन तास झोपतो आणि उठतो तो ताजातवाना."

"हेच धरून ठेव," ताई म्हणाली. "झोप न येणारा माणूस झोपेसाठी तळमळतो. याला ती नकोच असते. बोलणं?"

"मध्ये शब्द घालायला फट नाही. एका विषयावरून दुसऱ्यावर. विद्यापीठ काढायचंय. मोबाइलवरून कर्ज काढून गावाबाहेरच्या वीस गुंठ्यांचा इसार दिलाय. नाही म्हटलं की अंगावर येतो."

"आठवडा झाला?"

"होऊन गेला."

"डॉक्टर लोक उन्माद म्हणायला आठवडाच धरतात. भरती करायची वेळ आली तर तेवढंही थांबत नाहीत. आणि खचला होता तेव्हा काही घेत होता?"

"फॅमिली डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली होती. स्वतःच गेला होता त्यांच्याकडे."

"ते पहिल्यांदा सांगा. ज्याच्या अंगात हा आजार दबून असतो त्याला नुसती नैराश्यावरची गोळी कधी कधी एकदम वर नेते. न्या लवकर. माझ्याकडे कशाला आलास?"

"येत नाही ना तो. म्हणून आम्ही दोन गोष्टी काढल्यात. एक, थायरॉईड तपासायचाय असं सांगून गाडीत घालायचं. नाहीच आला, तर थेंब मिळतात. वास नाही, चव नाही. वहिनी चहात घालतील. त्यांच्या माहेरी एकाला असंच वर्षानुवर्षं दिलं. आज नोकरी करतोय तो."

"त्याला माहितीये?"

"नाही."

"म्हणजे आपण आपोआप बरे झालो असं समजतोय. थेंब घालणारी आई गेल्यावर काय करेल?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता घर वाचतंय की."

"आणि मंदार बुलेट चालवतो ना? पेंग आणणारं औषध पोटात आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि हा रात्री हायवेला लागणार."

"किल्ली काढून घेऊ."

"खुशाल घ्या. किल्ली घेतलेली निदान त्याला दिसते तरी."

मला राग आला. मी म्हणालो, "संमती मागायची कुणाकडे पण? ज्या मनाने हो-नाही म्हणायचं तेच मन बिघडलंय. के रेडफील्ड जेमिसन स्वतः मानसशास्त्रज्ञ, हाच आजार तिच्या अभ्यासाचा विषय. आपलं चढलेलं असताना तिने सर्पदंशावरची किट विकत घेतली, एक नाही, बारा. १९९५च्या आत्मकथनात तिनेच लिहिलंय. तिला आतून कळलं नाही, तिथे मंदारला काय कळणार?"

"मीही वाचलंय ते. लिथियम नको म्हणून ती किती झगडली तेही लिहिलंय, आणि शेवटी ते घेत राहिली ती एका डॉक्टरशी वर्षानुवर्षं बोलत राहिली म्हणून, हेही लिहिलंय. बारा किटं तुझ्या लक्षात राहिली, तो डॉक्टर नाही राहिला."

मग तिने तिची गोष्ट सांगितली. मला ती माहीत होती, पण तिच्या तोंडून नाही. पहिल्या वेळी घरच्यांनी तिला ताकातून कुटलेल्या गोळ्या दिल्या होत्या. तळाशी पांढरं राहिलं आणि तिने पाहिलं.

"मला आधीच वाटत होतं की घरचे माझ्या जेवणात काहीतरी घालतात," ती म्हणाली. "आजाराने डोक्यात आलेल्या शंभर गोष्टींतली तेवढी एकच खरी निघाली, आणि ती घरच्यांनी खरी केली. पुढे बरी झाल्यावरही मी गोळीला हात लावला नाही. दुसरा उन्माद आला तो त्यामुळे."

"पण पहिल्यातून वाचलीस ती ताकामुळेच."

"असेल."

ताक दिलं नसतं तर त्या वेळी काय झालं असतं हे कुणालाच माहीत नाही, तिलाही नाही. हे मी तिथे बोललो नाही. मोठ्या बहिणीच्या तोंडावर म्हणायची गोष्ट नव्हे ती. पण तिच्या सगळ्या म्हणण्यात हे भोक आहे, आणि ते तसंच ठेवून ती मला उपदेश करत होती.

"बरं, थायरॉईडचं काय?" मी विचारलं. "तेही पाप?"

"ते अर्धं खरं आहे. थायरॉईड वाढला तरी माणूस असा वागू शकतो, डॉक्टर तो तपासतातच. लिथियम सुरू करायचं तर किडनी आणि थायरॉईड दोन्ही बघावंच लागतं. तेव्हा थायरॉईड म्हणा, पण कुणाकडे चाललोय तेही म्हणा. दाराबाहेर पाटी असते, आणि त्याला वाचता येतं. आणि घरातले सहाजण सोफ्यावर बसवून सांगू नका. एकाने सांगा, ज्याच्यावर तो अजून चिडलेला नाही त्याने. वेडा झालायस म्हणू नका. झोप किती झाली एवढंच विचारा. काय बोलावं सुचत नसेल तर १४४१६ला फोन करा, टेली-मानस. नातेवाइकांनी केलेला चालतो."

एवढं सांगून तिने अचानक भलताच विषय काढला.

"तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली. आज त्यांना कुठे नेलं असतंस?"

हा प्रश्न लोक नेहमी विचारतात आणि मला त्याचा कंटाळा आहे. पण माझ्याकडे उत्तर होतं. "परंपरा असंही सांगते की त्यांनी आधी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा त्याला दिला. बुडवली ती स्वतःची."

"म्हणजे निम्मी बुडवली तर संत, सगळी बुडवली तर रुग्ण?"

"तसं नाही. ज्याला दुसऱ्याचा वाटा आठवतो त्याचं डोकं ठिकाणावर असतं. मंदारने इसार दिला त्यात वहिनींची एफडीही मोडलीय."

"उन्मादात मी दिल्या त्या पाटल्या माझ्याच होत्या," ताई म्हणाली. "भाजीवालीला दिल्या. तिच्या पोरीचं लग्न होतं. नंतर ती आपणहून परत द्यायला आली. मला घ्यायची लाज वाटली. तू म्हणतोस त्या कसोटीने मी धडधाकट होते."

"तू घेतल्यास का शेवटी?"

"घेतल्या. लाज वाटली म्हणून सोनं सोडायचं?" आणि ती हसली. "तुला एक सांगते, घरात बोलू नकोस. तो आनंद खोटा नव्हता. त्यानंतर तसा मला कधी झाला नाही. लिथियमने मी जिवंत आहे. हात थरथरतो, दर काही महिन्यांनी रक्त द्यायचं, निर्जळी उपास बंद, गुडघा दुखला तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी नाही, कारण लिथियमची पातळी जराशी चढली तरी विष होतं. हे सगळं मान्य. पण मला आजार होता एवढंच म्हणत राहिलात आणि मला काय सोडावं लागलं ते कुणीच विचारलं नाही, तर माणूस गोळी थुंकतो. मंदारलाही हेच होईल."

याला मी काय म्हणणार? मी कायद्याकडे वळलो. पळवाट म्हणा हवं तर.

२०१७चा मानसिक आरोग्य कायदा माणसाला त्याच्या मनाविरुद्ध भरती करू देतो, पण त्यासाठी त्याने स्वतःच्या जिवाला अपाय करण्याची धमकी दिलेली असावी किंवा तसा प्रयत्न केलेला असावा, नाहीतर दुसऱ्यावर हात उगारलेला किंवा त्याला इजेची भीती घातलेली असावी, किंवा स्वतःची काळजी घेणं त्याला इतकं अशक्य झालेलं असावं की त्यातून त्याला अपाय व्हायचा धोका असावा. घरच्यांनी नुसतं म्हणून भागत नाही; दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. अशी भरती सुरुवातीला तीस दिवसांपर्यंत. एफडी मोडली, जमिनीचा इसार दिला, हे त्यात कुठेच येत नाही. "माणूस रस्त्यावर येईपर्यंत कायदा थांबतो," मी म्हणालो.

"थांबू दे. पैशावरून भरती करता आली असती तर वाटणी मागणारी प्रत्येक बहीण येरवड्याला गेली असती. उपचारांचा निर्णय चारचौघांना चुकीचा वाटतो म्हणून माणसाला तो घेता येत नाही असं ठरत नाही, हे त्याच कायद्यात लिहिलंय."

"पण १८७२च्या करार कायद्यात हेही आहे की भान नसलेल्याने केलेला करार टिकत नाही. उद्या इसार परत मागायचा तर आजच्या तारखेचा डॉक्टरचा कागद लागेल. म्हणून तरी लवकर न्यायला हवं."

"तो कागद इसार परत आणेल आणि त्याचं लग्न मोडेल. माझ्या केसपेपरची झेरॉक्स कुठे कुठे फिरली ते मला माहितीये."

मग तिने कपाटातून एक कागद काढला. आगाऊ सूचना. याच कायद्याने माणसाला शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं की पुढे निर्णय घेता येईनासं झालं तर कोणते उपचार करा, कोणते करू नका, आणि कुणाला विचारा. तिने लिहिलं होतं: तीन रात्री चार तासांहून कमी झोपले तर मला डॉक्टरकडे न्या, मी नको म्हटलं तरी. खाण्यापिण्यातून औषध देऊ नये. प्रतिनिधी म्हणून माझं नाव.

"आणि त्या वेळी तू हा कागद फाडलास तर?"

"तर जिने हे लिहिलंय तिचं ऐक, फाडणारीचं नाही."

"असं आहे ना? मग फाडणाऱ्या मंदारचं तरी मी का ऐकू?"

"त्याने आधी काही लिहून ठेवलंय?"

"लिहिलं नाही. पण खचला होता तेव्हा डॉक्टरकडे स्वतःच्या पायाने गेला होता. माझ्या दृष्टीने तो होकारच आहे."

ती बराच वेळ विचार करत होती. "खाली असताना दिलेला होकार वर असताना चालतो का, मला नाही माहीत. पण चालत असेल तर तोच त्याच्यासमोर ठेव. तेव्हा तू गेला होतास, आज मी म्हणतोय म्हणून चल, असं सांग. त्याच्यासाठी चहा कशाला लागतो?"

"नाही म्हणाला तर?"

"उद्या परत विचार."

"सोमवारी खरेदीखत आहे, ताई."

"मग सोमवारपर्यंत रोज विचार. आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाण्याआधी जमीनवाल्याला गाठ. पोराची तब्येत बरी नाही, महिनाभर थांबा म्हणावं."

"तेही मंदारच्या पाठीमागेच झालं की."

"तो चहा नाही."

हा फरक मला अजून पटलेला नाही. तिलाही तो नीट सांगता आला नाही. दोनदा विचारल्यावर ती चिडली आणि स्वयंपाकघरात गेली. वहिनींना मात्र मी थेंबांची चिठ्ठी केमिस्टकडे देऊ नका म्हणून सांगितलंय, निदान सोमवारपर्यंत.