थाळनेरची नात आणि परकी गाणी

सकाळी चहा उकळेपर्यंत लता मंगेशकरांचा ‘श्रद्धांजली’ हा जुना संच पुन्हा लावला. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातला. साठी ओलांडलेल्या लताबाईंनी त्यात सैगल, पंकज मलिक, गीता दत्त, हेमंतकुमार, रफी, मुकेश, किशोर यांची गाणी आपल्या आवाजात गायली आहेत.

तो काळ कव्हर व्हर्जनचा होता. मूळ गाणं एकदा निघालं की रॉयल्टी भरून ते नव्या गळ्यात भरायला १९५७ चा कायदा मुभा देई. स्वस्त कॅसेट घरी आणावी, तर गाणं लताचं आणि आवाज भलत्याच बाईचा! अशा दिवसांत जिची सर्वांत जास्त नक्कल झाली, ती बाई स्वतःच दुसऱ्यांची गाणी गायला बसली.

सगळी गाणी जमली आहेत असं नाही. किशोरकुमारच्या गाण्यातला बेफिकीरपणा इथे फार नीटनेटका होतो. पण १९४० च्या ‘जिंदगी’तली सैगलची अंगाई ऐका. सैगल ती खर्जात, जवळ बसून कुजबुजल्यासारखी गातो. लताबाई त्याचा तो अनुनासिक हेल उचलत नाहीत. शब्द हलके सोडतात, एवढंच. पुरुषाच्या तोंडी गेलेली अंगाई बाईच्या गळ्यात परत आल्यासारखी वाटते. पुढे ‘आनंद’मधलं मुकेशचं सांजगाणं येतं. १९७६ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटला मुकेश गेले, तेव्हा लताबाई त्याच दौऱ्यावर होत्या. हे ठाऊक असलं की त्या गाण्यात नुसती गायकी शोधायला मन धजत नाही.

ऐकता ऐकता आठवलं ते थाळनेर. धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीकाठी. कधीकाळी फारुकी सुलतानांची राजधानी असलेलं हे गाव लताबाईंचं आजोळ. आजोबा हरिदास लाड तिथले गुजराती व्यापारी. पावागढचे गरबे लताबाई शिकल्या त्या आजीकडून, कानांनी. आजीने ते कोणाकडून घेतले, हे विचारायचं कोणाला सुचतं?

आपल्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात, श्रावणात कानबाईची. आईची चाल लेक घेते, एखादी ओळ विसरते, एखादी पदरची घालते. ‘मूळ गायिका कोण?’ असं तिथे कोणी विचारत नाही. हा प्रश्न तबकडी आल्यावरचा. गाणं एकदा लाखेवर कोरलं गेलं आणि बाकीचे सगळे आवाज नकली ठरले. मला हा निवाडा अर्धाच पटतो. दुसऱ्याच्या नावावर पोट भरायला गायलेलं गाणं वेगळं आणि ज्याला ऐकून आपण घडलो त्याचं गाणं म्हातारपणी पुन्हा म्हणणं वेगळं. पहिल्याला नक्कल म्हणा, हरकत नाही. दुसरी आखाजीचीच रीत.

संच ऐकायचा झालाच, तर एक करा. आधी १९४० चा सैगल ऐका, त्याची खरखर सहन करा, आणि मग लताबाई लावा. उलट क्रमाने ऐकलंत तर सैगल जुनाट वाटेल, आणि तो अन्याय लताबाईंनाच सर्वांत आधी खटकला असता.