दाराचं वेळापत्रक

‘आता दार कोणाचं तोंड बघत नाही,’ असं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सभेत अभिमानाने म्हणाले, आणि ते वाक्य डोक्यातून जाता जाईना. बसस्टॉपकडच्या मागच्या दाराला चुंबकी कुलूप बसलं आहे. पहाटे सहाला सुटतं, रात्री अकराला धरतं. त्यानंतर खिशात कार्ड असलं तरी मुख्य फाटकाला वळसा.

कार्ड, कंट्रोलर, टायमर ही भानगड आता शाळकरी पोरंही समजावून सांगतील. मला खुपतं ते निराळंच. साधं कुलूप विचारतं, ‘तू कोण?’ हे विचारतं, ‘वाजले किती?’

हिरकणीपुढे रायगडावर हाच दुसरा प्रश्न आला. ती कोण हे पहारेकऱ्यांना ठाऊक होतं. पण दिवस मावळला होता आणि गडाचा दरवाजा लागला होता. ती कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेली आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधला, अशी आख्यायिका. बुरुजाचं कौतुक आपण सगळेच करतो. पण बुरूज बांधला म्हणजे ती वाटही बुजली की! दरवाज्याची वेळ बदलली, असं काही कथेत येत नाही.

सेक्रेटरींना हे ऐकवलं, तर म्हणाले, ‘मग काय, वॉचमनच बरा होता?’ होताच, असं मी ठासून म्हणालो. किल्ली त्याच्या कमरेला असे आणि माणसाला दया येते. पण ती दया कोणाच्या वाट्याला येई? उशिरा परतलेल्या सभासदाला सलाम, आणि स्वयंपाकाच्या मावशींना ‘एवढा उशीर का?’ सभासदाला नाही म्हणणं त्याच्या नोकरीला परवडणारं नव्हतं.

अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या जेम्स सार्जंटने १८७३ साली बँकेच्या तिजोरीसाठी घड्याळी कुलूप बनवलं. त्या काळी दरोडेखोर तिजोरीशी झटापट करण्याऐवजी कॅशियरला रात्री घरातून उचलत आणि त्याच्याकडून आकडे वदवून घेत. घड्याळ बसलं आणि सकाळपर्यंत त्यालाही तिजोरी उघडेना. मग त्याला छळून उपयोग काय? त्याची असहायताच त्याच्या कामी आली. आमचा वॉचमनही आता बिनदिक्कत सांगतो, ‘माझ्या हातात नाही, साहेब.’ हे वाक्य त्याला याआधी कधी परवडलं नसतं. तेव्हा कुलूप राहू द्या, याला आता माझी ना नाही.

मात्र ‘दार तोंड बघत नाही’ हे काही मला पटायचं नाही. चुंबक विजेवर धरलेला असतो. वीज तोडली की दार सुटतं. आगीत कोणी अडकू नये म्हणून ते तसं केलेलं असतं. म्हणजे त्या घटकेचा विचार कोणीतरी केला. रात्री सव्वाअकराच्या बसने उतरणाऱ्या नर्सचा विचार कोणी केला? अकरा ही वेळ कुलपाने ठरवलेली नाही. ज्यांचे डोळे दहाला मिटतात, त्यांनी ठरवलेली आहे.

पुढच्या सभेत मी एवढंच विचारणार आहे, की ही वेळ कोणी सुचवली ते इतिवृत्तात लिहाल का? सेक्रेटरी म्हणतील, सर्वानुमते ठरलं. ती सभा रात्री नऊला होती. दुसऱ्या पाळीची माणसं तेव्हा कामावर होती.