मोटार कोणासाठी?

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पोलादपूरच्या एस.टी. स्टँडजवळ महामार्गावर एक पिवळीधमक, बसकी मोटार येऊन थांबली. आमच्या शाळेची मुले भोवती जमली. आत माणसे मावतात दोन, पोट जमिनीपासून वीतभरही उंच नाही आणि किंमत चार कोटींच्या वर. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, ही आमच्या वाडीपर्यंत येईल का?" मी म्हणालो, "पहिल्याच चढणीला पोट घासेल." तो म्हणाला, "मग घेतात कशाला?"

प्रश्न मुलाचा आहे, पण उत्तर आपणा मोठ्यांना द्यावयाचे आहे.

अशा मोटारी बनविणारी लाम्बोर्गिनी कंपनी १९६३ साली ज्याने काढली, तो फेरुशियो लाम्बोर्गिनी आधी ट्रॅक्टर तयार करीत असे. ट्रॅक्टर घेणारा 'जमीन किती नांगरली जाईल' असे विचारतो. ही मोटार घेणाऱ्याला तसा हिशेब नसतो. यंत्राची आणि वेगाची खरी आवड असणारे काही असतात, हे कबूल. पण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व्हेब्लेन याने १८९९ सालीच दाखवून दिले की, काही वस्तू महाग आहेत म्हणूनच घेतल्या जातात. उधळण्याची ऐपत चारचौघांत दिसावी, हाच त्यांचा उपयोग.

मात्र श्रीमंतांना नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. आपला इतिहास निराळा आहे. इंदूर भागातील बलाई लोकांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, असे हुकूम सवर्णांनी काढले होते. १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी ते नमूद केले आहेत. डिसेंबर १९२७ मध्ये याच महाडात त्यांनी आपल्या माताभगिनींना अस्पृश्यतेची खूण पटविणारे नेसणे व दागिने टाकून देण्यास सांगितले. जेथे चांगले वस्त्र नेसण्यास बंदी, तेथे ते नेसणे हे बंडच होय. त्याला कोणी चैन म्हणू नये.

पण तेच बाबासाहेब चाळीसगावची हकीकतही सांगतात. १९२९ साली तेथील टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकण्यास तयार होईनात. पाहुण्याने पायी जाणे आपल्या लोकांना कमीपणाचे वाटले. त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेल्या आपल्यातल्याच एकाला हाकण्यास बसविले. पुलावर टांगा अडखळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले व त्यांचा पाय मोडला. आपला मान राखण्याच्या नादात लोकांनी आपला जीवच धोक्यात घातला, असे त्यांनी पुढे लिहिले. त्या लोकांचे प्रेम खरे होते. चूक एवढीच की, माणसापेक्षा वाहन मोठे झाले.

भगवंतांनी संपत्तीचा धिक्कार केलेला नाही. सिगालाला त्यांनी मिळकतीचे चार भाग सांगितले: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत संपत्ती भोगण्याचे सुख आहे, तसेच ऋण नसण्याचे सुखही आहे. पण 'मी श्रेष्ठ', 'मी हीन', एवढेच काय, 'मी बरोबरीचा' हे मोजमापही त्यांनी अहंकारातच धरले. याचा अर्थ समता सोडा असा नव्हे. समता हा आपला हक्क आहे. वाहन दाखवून ती सिद्ध करू जाणारा मनुष्य निवाड्याचा अधिकार पुन्हा पाहणाऱ्याच्याच हाती देतो.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी कर्ज काढून मी जुनी मोटार घेतली. शाळा घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. २० मार्चला चवदार तळ्यावर मोटारीतून उतरावे आणि गाववाल्यांनी पाहावे, एवढीच हौस. त्यापायी धाकट्या बहिणीचे नर्सिंगचे शिक्षण एक वर्ष लांबले. मोटार अंगणात उभी असे, हप्ते तेवढे धावत. तिने मला कधी बोल लावला नाही, हेच अधिक बोचते.

म्हणून बंधू-भगिनींनो, फटफटी असो, लग्नाचा मंडप असो की मोटार, घेण्यापूर्वी घरात सर्वांनी बसून दोन प्रश्न विचारावेत. हे कोणीच पाहणार नसेल, तरी आपण घेऊ काय? आणि याच्यासाठी घरातल्या कोणाचे काय थांबणार आहे? पहिल्याचे उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचे 'काही नाही' असेल, तर खुशाल घ्या. तसे नसेल, तर ते पैसे मुलीच्या फीसाठी ठेवा.

जय भीम!