आईची कंबर आणि आपला 'वेदना' हा शब्द

आपल्या लिखाणात 'वेदना' हा शब्द पोत्यानं सापडतो. मीही तो वापरलाय. भाषणात वापरला, कवितेत वापरला, पोस्टरवर लाल रंगानं रंगवला. आणि त्याच दिवसांत घरात आई भिंत धरून उठत होती आणि मी तिला म्हणत होतो, "चालायचंच आई, वय झालं." आईचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. पाऊस रुसलेला मुलूख. दसरा झाला की मुकादमाची गाडी लागते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड इथली माणसं उचल घेऊन ऊस तोडायला जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे दोन माणसं, चार हात आणि हिशेबात एक हत्यार! आईनं बावीस हंगाम केले. पहाटेच्या अंधारात फडात वाकायचं, बुडातून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. बाळंतपण झालं तरी तेच. खाडा झाला की पैसे कापले. कोपीत आल्यावर चूल तिचीच.

तिची कंबर गेली ती अशी. पण मला लिहायचंय ते पुढचं. कोयता सुटून सहा वर्षं झाली तरी दुखणं थांबलं नाही. मग आम्ही डॉक्टर केले. एकानं फोटो काढला, उजेडाला धरला आणि म्हणाला, "यात काही नाही, मनाचं आहे." दुसरा हसून म्हणाला, "तुम्ही काटक लोक, तुम्हाला काय होतंय?" तिसरा मी. मी म्हणालो, ही व्यवस्थेनं दिलेली वेदना आहे, व्यवस्था बदलल्याशिवाय जायची नाही. तिघांनीही कंबरेकडं पाहिलं नाही. फरक एवढाच की मी फी घेतली नाही.

आता जे वाचलं, विचारलं, त्यातून कळलं ते साध्या भाषेत सांगतो. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत तिला स्वतःची जागा आहे. म्हणजे ती दुसऱ्या रोगाची नुसती सावली नव्हे. काटा रुतला की दुखतं ते राखणीचं काम असतं, कुत्रं भुंकावं तसं. पण वर्षानुवर्षं भुंकून कुत्र्याला सवय लागते. चोर गेला तरी ते भुंकतं, पान हललं तरी भुंकतं. मज्जारज्जू आणि मेंदू असेच हळवे होतात. म्हणून फोटोत काही न दिसणं आणि बाईला खरंखुरं दुखणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. उलटंही होतं. फोटोत मणके झिजलेले दिसतात आणि माणूस खुशाल चालत असतो. झोप मोडली, कर्ज वाढलं, घरात धास्ती असली की कळ वाढते. याचा अर्थ कळ खोटी असा नाही. मेंदूतून येते म्हणून ती 'मनाची' ठरत नाही. सगळ्याच वेदना मेंदूतून येतात, साहेबांच्या गुडघ्याचीसुद्धा.

मग प्रश्न असा की कुणाचं दुखणं खरं धरायचं, हे कोण ठरवतं? अमेरिकेत २०१६ साली एक अभ्यास छापून आला. गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काळ्या माणसांच्या शरीराबद्दल विचारलं. सुमारे निम्म्यांच्या डोक्यात एखादा तरी खोटा समज पक्का होता, त्यातला एक म्हणजे काळ्यांची कातडी जाड असते. मला लगेच तो 'काटक लोक' आठवला. इथं जात विचारायची गरज पडली नव्हती, गाव आणि लुगडं पुरलं. आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली काय उघड झालं? ऊसतोडणीच्या ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पोट दुखतंय, अंगावरून जातंय, खाडा परवडत नाही, मग टाका काढून! जिथं दुखण्याला ऐकणारं कुणी नाही, तिथं अवयवच जातो.

बुद्धानं यावर बोलून ठेवलंय. पालीत 'वेदना' म्हणजे नुसतं दुःख नव्हे, कुठलीही जाणीव: सुखाची, दुःखाची, दोन्ही नसलेली. सल्ल सुत्तात दोन बाणांचा दाखला आहे. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला. शहाणा माणूस पहिल्यावर थांबतो, दुसरा लागू देत नाही. मी हे आईला मोठ्या हौसेनं सांगितलं. ती म्हणाली, "लेकरा, दुसरा बाण मी कुठं मारला? तो तर लोकांनी मारला. सासू म्हणायची ढोंग करते, मुकादम म्हणायचा कामचुकार." मी गप्प झालो. सुत्त चुकलं असं मी म्हणत नाही. पण आपल्या वस्तीत दुसरा बाण पुष्कळदा बाहेरून येतो आणि आत रुतून बसतो, एवढं तरी जोडून वाचावं लागेल.

दुसरं सुत्त सिवक नावाच्या परिव्राजकाचं. तो विचारतो, जे काही सुखदुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्माचं फळ, हे खरं का? बुद्ध म्हणतो, असं म्हणणारे चुकतात. पित्त, कफ, वात, ऋतूंचे बदल, शरीराची हेळसांड, दुसऱ्याचा मार अशी कारणं तो मोजतो. कर्म त्या यादीत आहे, पण आठातलं एक. बाबासाहेबांनी तर मागच्या जन्माचं कर्म या जन्मी भोगायचं ही कल्पनाच नाकारली. तरी आमच्या गल्लीत धम्मदीक्षेला इतकी वर्षं झाल्यावरही म्हाताऱ्या कंबरेला हात लावून म्हणतात, "कुठल्या जन्माचं पाप गं बाई." आणि आपण कार्यकर्ते काय करतो? पाप हा शब्द काढतो, त्याजागी 'त्याग' घालतो. सोसा, सोसा, चळवळीसाठी सोसा.

बाबासाहेबांचंच बघा. मधुमेह होता, पायांत कळा होत्या. १९५४ साली जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते अंथरुणाला खिळून होते. १९५६ला नागपुरात काठीच्या आधारानं उभे राहिले. आपण फोटोत ती काठी पाहतो आणि म्हणतो, बघा, एवढं सोसून! पण त्यांनी औषधं घेतली, उपचार घेतले, ज्यांच्याशी लग्न केलं त्या डॉक्टर होत्या, त्यांची शुश्रूषा घेतली. काठी घेणं म्हणजेसुद्धा स्वतःची काळजी घेणं.

कुणी म्हणेल, दुखण्याशी जुळवून घ्यायला शिकवणं म्हणजे फडाशीच जुळवून घेणं. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. कारखाना तसाच, उचल तशीच आणि आपण बायांना कंबरेचे व्यायाम शिकवायचे? पण आईला क्रांतीपर्यंत थांब म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिला? आणि बरी झाली तर मोर्चाला येईल, हेही कारण मला नको. ती कशालाच उपयोगी पडली नाही तरी तिला रात्री झोप लागली पाहिजे. हक्क एवढाच आहे.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून आरोळे पतिपत्नींनी गावातल्या बायांना, त्यात कितीतरी दलित बायांना, आरोग्याचं काम शिकवलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनी ते केलं. म्हणजे हे ज्ञान डॉक्टरच्या पिशवीतच राहावं असं नाही.

आम्ही केलं ते थोडकं. पट्टा सोडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या सूचनाही जुनाट कंबरदुखीला पट्टा, वजनाचा ताण नको म्हणतात. समजावून सांगा, हालचाल ठेवा म्हणतात. रोजच्या दुखऱ्या गोळ्या बंद केल्या, त्या वर्षानुवर्षं खाल्ल्या की पोट आणि मूत्रपिंडं धरतात. शहाण्या डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांनी आधी अर्धा तास ऐकलं. बऱ्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि मग तीन दिवस पडून राहायचं ही तिची खोड होती. आता रोज थोडं चालणं, थोडं काम, मधे टेकणं. कळ गेली नाही. पण आधी ती घरभर असायची, आता एका कोपऱ्यात असते.

रविवारच्या वंदनेला आई दोन वर्षं येत नव्हती. आम्हाला वाटलं, श्रद्धा ढिली झाली. खरं कारण जमिनीवर बसवत नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मागच्या महिन्यात विहारात एक खुर्ची नेली. दोघातिघांनी कुरकुर केली, मूर्तीसमोर उंच बसायचं का म्हणून. तासभर वाद झाला, शेवटी खुर्ची राहिली. पुढच्या रविवारी आई लवकर गेली, तर खुर्चीवर आधीच दुसरी म्हातारी बसलेली. आता पाच खुर्च्यांसाठी वर्गणी चाललीय.