मुलग्यांनी दाद कुठे मागायची?

पुण्यात पौड रस्त्यापासून कर्वेनगरापर्यंत पसरलेल्या कोथरूडमध्ये दर वर्षी मराठवाडा, खानदेश, विदर्भातून मुलगे शिकायला येतात. कॉट बेसिसवरची खोली, मेसचा डबा आणि वरच्या वर्गातला एखादा गाववाला एवढाच त्यांचा सुरुवातीचा आधार. अशा एखाद्या मुलावर वरिष्ठ विद्यार्थ्याने, शिक्षकाने किंवा पीएच.डी.च्या मार्गदर्शकाने लैंगिक जबरदस्ती केली, तर त्याने दाद कुणाकडे मागायची? महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते आणि तिची माहिती ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. पण ही समिती फक्त मुलींसाठी, असा समज विद्यार्थ्यांत, प्राध्यापकांत आणि कित्येकदा समितीच्या सदस्यांतही पक्का बसला आहे. हा समज नियमाला धरून नाही. तो दूर करणे शिक्षणसंस्थांच्या हातात आहे आणि त्यासाठी संसदेची वाट पाहायचे कारण नाही, असे माझे म्हणणे आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा ही स्त्री-चळवळीची कमाई. कायद्याने पीडित म्हणून स्त्रीच गृहीत धरली, आणि तेव्हाच्या वास्तवाला ते धरून होते. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१६ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी जे विनियम लागू केले, त्यांत संस्थांची कर्तव्ये सांगताना एक पाऊल पुढे टाकले. मुख्यतः स्त्रिया, पण काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडू शकतात हे ओळखून, सर्व लिंगांच्या विद्यार्थी-कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध ठाम कारवाई करा, असे त्यांत म्हटले आहे. शीर्षक स्त्रियांविषयी असले तरी हे कर्तव्य संस्थांवर आहेच. काखेत कळसा असताना आपण गावाला वळसा घालत आहोत.

फौजदारी कायद्याकडे पाहिले की या समितीचे मोल अधिकच कळते. बलात्काराच्या व्याख्येत पीडित स्त्रीच आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले आणि ते योग्यच झाले. पुरुषावरच्या जबरदस्तीसाठी ते कलम तरीही उरले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातला प्रथम वर्षाचा मुलगा वसतिगृहाच्या इमारतीवरून पडून मरण पावला. त्याआधी त्याला विवस्त्र केले गेल्याचे पोलिस तपासात पुढे आले. तो अठराच्या आतला होता म्हणून बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा लावता आला. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला ते संरक्षण नाही, आणि महाविद्यालयातले बहुतेक मुलगे तर अठरा ओलांडलेलेच असतात.

यावर कोणी म्हणेल, रॅगिंगविरोधी कायदा आहे की! आहे, महाराष्ट्रात तो १९९९ पासून आहे आणि दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूदही त्यात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळातल्या कोट्टायमच्या शासकीय नर्सिंग महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना विवस्त्र करून गुप्तांगांवर डंबेल ठेवल्याचे, कंपासच्या टोकाने टोचल्याचे उघड झाले, तेव्हा वरच्या वर्गातल्या पाच विद्यार्थ्यांना अशाच कायद्याखाली अटक झाली. पण रॅगिंगची चौकट विद्यार्थ्यांपुरती आहे. शोधनिबंधावर सही करणारा मार्गदर्शक तिच्यात बसत नाही. तक्रारदाराचे मूल्यमापन आरोपीने करू नये, असा अंतरिम आदेश तक्रार समितीच्या शिफारशीवरून निघू शकतो. संशोधक विद्यार्थ्याला नेमका तोच हवा असतो. शिवाय लैंगिक अत्याचाराला रॅगिंग म्हटले की ‘पोरांची मस्करी’ म्हणून तो पचवला जातो.

मग मुलगे बोलत का नाहीत? ‘पुरुषासारखा पुरुष तू, दोन ठेवून द्यायच्या होत्यास’ हा शेरा ऐकावा लागेल याची त्यांना खात्री असते. जबरदस्तीतही शरीर आपोआप प्रतिसाद देऊ शकते. त्याचा संमतीशी संबंध नसतो, पण हे कोणी शिकवलेले नसल्याने मुलगा स्वतःलाच दोषी धरतो. समलिंगी मुलाला तर तक्रार केली की घरी बभ्रा होईल ही धास्ती. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगणाऱ्या बालकांत ५२.९४ टक्के मुलगे होते. गोपनीयतेची हमी देऊन विचारले तर मुलगे सांगतात, याचा हा पुरावा.

सर्वांत गंभीर आक्षेप स्त्री-चळवळीतून येतो. पीडित बहुतांशी स्त्रियाच असताना हे दार उघडले तर त्यांच्यावरच उलट तक्रारी होतील, हे भय निराधार नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या २०१९ च्या मोठ्या पाहणीत पदवी वर्गातल्या २५.९ टक्के मुलींनी संमतीविना लैंगिक स्पर्श वा संबंध झाल्याचे सांगितले. मुलग्यांत हे प्रमाण ६.८ टक्के. स्त्रियांचे दुःख मोठे आहे हे या आकड्यांतून दिसते, तसे मुलग्यांचे शून्य नाही हेही दिसते. न्या. वर्मा समितीने २०१३ मध्ये यावर मार्ग सुचवला होता: पीडित कोणत्याही लिंगाची व्यक्ती असू शकेल, आरोपी मात्र पुरुष. फौजदारी कायद्यापुरता तो मला आजही न्याय्य वाटतो. विद्यापीठातली चौकशी मात्र सत्तेच्या गैरवापराची असते आणि सत्ता कोणाच्याही हाती असू शकते. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ मध्ये पुरुष विद्यार्थ्याच्या छळाबद्दल प्राध्यापिका अॅव्हिटल रोनेल यांना वर्षभर निलंबित केले. त्यांनी आरोप नाकारले होते, आणि नामवंत विद्वानांनी त्यांची पाठराखण करणारे पत्र लिहिले होते. सूडाची तक्रार ओळखणे समितीचे काम आहे. त्या भीतीपोटी खऱ्या तक्रारदाराला दार बंद करता येत नाही.

करायचे ते अवघड नाही. समितीच्या फलकावर ‘सर्व विद्यार्थ्यांसाठी’ असे स्पष्ट लिहावे. लैंगिक स्वरूपाची प्रत्येक रॅगिंग-तक्रार या समितीकडेही यावी. सदस्यांना पुरुष पीडिताशी कसे बोलावे याचे प्रशिक्षण मिळावे, आणि पहिल्या आठवड्यातच मुलांना याची माहिती द्यावी. ‘नाही’चा आदर करा हे मुलग्यांना आपण सांगतो, सांगायलाच हवे. त्यांच्या स्वतःच्या ‘नाही’लाही तितकेच मोल आहे हे त्यांना कळले, तर दुसऱ्याचा नकार ऐकायलाही ते अधिक चांगले शिकतील. मुलग्यांना न्याय देण्यात मुलींचे काहीही कमी होत नाही.