यात्रा आणि जत्रा



पौष वद्य एकादशीला श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी सद्गुरु निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते, हे वारकरी सज्जनांस आम्ही काय सांगावे? नाशिक-अहिल्यानगरकडून पायी दिंड्या येतात, कुशावर्ताचे स्नान होते, महाराजांचा रथ निघतो. या यात्रेस पश्चिमेकडून, तोरंगणच्या घाटाने, जव्हार-मोखाड्याची मंडळीही येतात. त्यांतल्याच एका घराची हकीगत आज सांगावयाची आहे. खरे म्हणाल तर ती आमच्या चुकीची हकीगत आहे.

मागे एका वर्षी दशमीच्या रात्री आमचे कीर्तन होते. निरूपणास रंग चढला आणि मंडपाच्या कडेला एका पोराने पिपाणी वाजविली. एकदा नव्हे, तीनदा! लोक हसले. आम्हांस राग आला, आणि शिकलेल्या माणसाचा राग फार वाईट. तो शब्द शोधून काढतो. टाळकऱ्यांस हाताने थांबवून आम्ही म्हणालो, “मायबाप हो, यात्रा वेगळी नि जत्रा वेगळी. नाथांच्या पायाशी येतो त्याची यात्रा. पाळण्यात बसायला येतो त्याची जत्रा.” टाळ्या पडल्या. पोराच्या आजीने पिपाणी पदराखाली घेतली आणि ते सगळे कुटुंब मुकाट्याने उठून गेले.

सकाळी कुशावर्तावर एक म्हातारबाबा वाट अडवून पाया पडले. आम्हीही पडलो. “महाराज, काल पोराचं चुकलं.” गाव विचारले. “वावर. जव्हार तालुका.” किती जण आलात? “एकवीस.” एवढी मंडळी घेऊन कसे निघता, असे आम्ही सहज विचारले, तर ते म्हणाले, “घेऊन कुठं निघतो? हितं गोळा होतो. भात-नागली घरात आली का आमचं घर फुटतं. थोरला भिवंडीकडं भट्टीवर जातो, मधला वसईकडं, धाकटा नाशकाकडं द्राक्षाच्या मळ्यात. म्हातारी नि मी नातवंडं घेऊन घरी. होळीला कुणी येतो, कुणाला मालक सोडत नाही. पण नाथांच्या एकादशीला सगळ्यांनी हितं यायचं, असं आमच्या बापानं घालून दिलंय.” मग जरा थांबून म्हणाले, “त्या पोराला बाप दोन महिन्यांनी दिसला. त्यानं पिपाणी घेऊन दिली. पोर वाजवणारच की, महाराज.”

आम्ही काय बोलणार? वावरचे नाव आम्ही त्यापूर्वी एकदाच वाचले होते. १९९२ साली वावर-वांगणीकडची मुले कुपोषणाने दगावली, तेव्हा ते वर्तमानपत्रांत आले होते. त्या गावचे लेकरू छाती भरून पिपाणी फुंकते, आणि आम्हांस त्याचा राग यावा!

सज्जनहो, पाठशाळेत आम्ही धातुपाठ घोकला. ‘या’ म्हणजे जाणे, त्यावरून यात्रा. लोकांच्या जिभेवर घासून तीच जत्रा झाली. शब्द एकच. हे आम्हांस ठाऊक होते आणि तरी टाळ्यांसाठी आम्ही एकाचे दोन केले.

आणि केले ते कोणाच्या दारात? ज्यांनी विठ्ठलपंतांबरोबर, आईबरोबर, धाकट्या भावंडांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा केली, त्यांच्या. वाटेत वाघ आडवा आला, सगळ्यांची पांगापांग झाली, निवृत्ती चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत शिरला, असे परंपरा सांगते. ती कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल, पण नेहमी गुहेपासून. पोर चुकल्यावर रुक्मिणीमातेच्या जिवाचे काय झाले असेल, यावर कधी थांबलो नाही. पुढे १२९६ मध्ये ज्ञानोबाराय आळंदीस समाधिस्थ झाले, सोपानदेव सासवडला, मुक्ताई तापीकाठी गुप्त झाल्या. थोरल्या भावाने तिघांना निरोप दिला आणि मग ते त्र्यंबकास आले. तीन ठिकाणी पांगलेली भावंडे वर्षातून एकदा या थोरल्याच्या दारी जमतात, तर त्यांना आत काय आणि मंडपाबाहेर काय!

त्या घराची रीत बाबांनीच सांगितली. आधी समाधीचे दर्शन, मग कळस डोळे भरून पाहायचा. एकादशीला मोठ्यांचा उपास, पोरांना राजगिऱ्याचे लाडू. मग दुकाने. स्वतःसाठी कुणी काही घ्यायचे नाही. थोरल्याच्या पोरांना धाकट्याने घ्यायचे, धाकट्याच्या पोरांना मधल्याने. सुनांना बांगड्या सासूने भरायच्या. पाळण्यात पोरांबरोबर आजीही बसते, असे सांगताना बाबा लाजले. द्वादशीला सगळ्यांनी एका फडक्याभोवती बसून नागलीची भाकर खायची, की पुन्हा तीन वाटा. (पाळण्यापाशी भोंग्यांचा जो कलकलाट चालतो तो मात्र आम्हांस अजूनही मानवत नाही. असो.)

एकादशीच्या रात्री कीर्तनाच्या आरंभीच आम्ही आपली चूक बोलून दाखविली. पोराला पुढे बोलवावे म्हणून मंडपाच्या त्या कडेला पाहिले, तर जागा रिकामी. मागून कळले की भट्टीवाल्याने थोरल्यास एकच दिवसाची सुट्टी दिली होती, म्हणून भाकर त्यांनी संध्याकाळीच खाल्ली.

तेव्हापासून दरवर्षी कुशावर्तावर आम्ही त्यांना शोधतो. काही वर्षी गाठ पडते, काही वर्षी गर्दीत चुकामूक होते. गेल्या पौषात भेटले. बाबा काठी टेकीत आले होते. किती जण, म्हणून विचारले. “चोवीस,” म्हणाले, आणि मागे वळून पुन्हा मोजू लागले.