दिसणे, पाहणे आणि नजरेची नोंद

'मी पाहतो' आणि 'मला दिसते' या वाक्यांतील भेद मराठी भाषक व्याकरण न शिकताही जाणतो. पहिल्यात कर्तृत्व आहे, म्हणून उत्तरदायित्वही आहे. दुसऱ्यातील 'मला' केवळ अनुभव घेणारा आहे. आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये डोळ्यांचा माग घेणारी यंत्रणा आल्यापासून हा भेद नीतिविचाराचा विषय झाला आहे.

यंत्राची रीत साधी आहे. अवरक्त प्रकाश डोळ्यावर टाकायचा, तिथे उमटणारी चकाकी आणि बाहुलीचे स्थान कॅमेऱ्याने टिपायचे व त्यांवरून नजरेची दिशा काढायची. आपल्याला अगदी सुस्पष्ट दिसते ते जेमतेम दोन अंशांच्या टापूत. म्हणून २०२३ च्या प्लेस्टेशन व्हीआर २ मध्ये नजर असेल तेवढाच भाग बारकाईने रेखाटता येतो, बाकीचा ढोबळपणे. (बर्कलीला हे यंत्र आवडले असते.)

प्रश्न उद्भवतो तो नोंदीच्या अर्थनिर्णयनात. आल्फ्रेड यार्बस या सोव्हिएत शास्त्रज्ञाने हद्दपारीतून अवचित घरी परतलेल्या माणसाचे रेपिनचे चित्र प्रेक्षकापुढे ठेवून त्याला निरनिराळे प्रश्न विचारले: या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती कशी? माणसांची वये काय? प्रश्नागणिक नजरेची वाट बदलली. १९६५ च्या त्याच्या ग्रंथातील हा प्रयोग प्रश्नाकडून वाटेकडे जातो. आजचा व्यापारी वाटेवरून मनातला प्रश्न ओळखू पाहतो. ही उलट दिशा मुळीच तितकी निर्धोक नाही. कवितेमागचा हेतू गृहीत धरून तिचे मोल ठरवण्याला विम्सॅट व बिअर्ड्सली यांनी १९४६ मध्ये हरकत घेतली होती. कविता निदान कुणीतरी रचलेली असते. डोळा मात्र सेकंदाला सुमारे तीनदा उडी घेतो, आणि त्यांतील बहुतेक उड्या कुणी ठरवून घेतलेल्या नसतात. वाचक एखाद्या शब्दावर थबकला तो आवडीने, अडचणीने की निव्वळ थकव्याने?

२०२४ मध्ये विक्रीस आलेल्या ॲपल व्हिजन प्रोमध्ये नजरेने वस्तू निर्देशित होते, पण निवड बोटांच्या चिमटीने होते. तोवर नजर कोठे आहे हे ॲपना कळवले जात नाही, असे कंपनी सांगते. हा नियम मला अनेक तात्त्विक विवेचनांहून नेमका वाटतो, कारण दिसणे आणि पाहणे यांमधली सीमा त्यात पाळली गेली आहे. तथापि तो उत्पादकाने स्वतःवर घातलेला निर्बंध आहे, आणि उत्पादकाला तो उठवताही येतो. तो उठला तर संकोचाने नजर चुकवणाऱ्याची पंचाईत होईल: त्याने कशावरून नजर चुकवली, याचीच नोंद होईल.